मित्राची पेन्शन माझ्या कपाटात, आणि गाव म्हणतंय मीच खातोय

पत्राचा सारांश: धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून एका निवृत्त सुभेदारांनी लिहिलं आहे. त्यांच्याच पलटणीतला आणि त्यांच्याच गावातला एक नाईक (सुभेदाराच्या बराच खालचा हुद्दा) १७ वर्षांची नोकरी संपवून २०१६ साली घरी आला. आज त्याचं वय ४६. ग्रॅच्युइटी, फंड आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतलेला, त्याचे) पैसे घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न आणि लोकांच्या उसनवारीत गेले. वाळूजच्या एका कंपनीत सिक्युरिटीची नोकरी होती, तीही सुटली. दारू वाढत गेली. पेन्शन जमा झाली की आठ-दहा दिवसांत खातं रिकामं, आणि एटीएम कार्ड गावातल्या व्याजाने पैसे देणाऱ्याकडे गहाण. आठ महिन्यांपूर्वी मित्राच्या बायकोने विनवणी केली म्हणून सुभेदारांनी पदरचे पैसे भरून ते कार्ड सोडवलं. तेव्हापासून ते त्यांच्या कपाटात आहे, पिनही त्यांना माहीत आहे. ते पेन्शन काढतात, घरखर्चाचे पैसे वहिनींना देतात, मुलीची फी भरतात आणि मित्राला रोज २०० रुपये देतात. दोघांचं लष्करी कँटीनचं सामानही तेच आणतात. आता मित्र रात्री-अपरात्री दारात येऊन कार्ड मागतो, शिव्या देतो. सकाळी येऊन मान खाली घालून बसतो; चहाचा कप धरताना हात थरथरतात, दोन घोट दारू पोटात गेली की थांबतात. त्याचा भाऊ गावभर सांगतो की सुभेदार फौजीची पेन्शन खातोय. वहिनी म्हणतात, "भाऊजी, काहीही झालं तरी कार्ड सोडू नका." सुभेदार विचारतात: कार्ड परत द्यावं की ठेवावं?

सुभेदारसाहेब,

तुम्ही कार्डाबद्दल विचारलंय, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ओळ चहाच्या कपाची आहे. सकाळचं ते थरथरणं म्हणजे नुसता अशक्तपणा नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याच्या शरीराला दारूची इतकी सवय होते की ती उतरायला लागली की मेंदू बिथरतो. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होऊ शकतो: नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, अंगात ताप भरतो. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून पैशाची नाकेबंदी करून दारू सोडवू, असा विचार तुमच्या किंवा वहिनींच्या मनात असेल तर तो आजच बाजूला ठेवा. कार्डाचं काहीही ठरो, डॉक्टर आधी.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड त्याच्याकडे असेलच. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेल्यावर "पोट दुखतंय, झोप लागत नाही" असं आडवळणाने न सांगता सरळ दारूचं सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. ते लांबत असेल तर जिल्हा रुग्णालय, लातूर किंवा अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, आधी कधी फिट आली होती का, हे एका कागदावर लिहून न्या. दारू सुरक्षितपणे उतरवायची औषधं असतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि काहींना थोडे दिवस दाखल करावं लागतं. जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत. एक भीती अनेक घरांतून कानावर येते, तुमच्या वहिनींनाही असेल: दवाखान्यात नोंद झाली की पेन्शन थांबेल. व्यसनाचा उपचार घेतला म्हणून कोणाचीही पेन्शन थांबत नाही.

कोणी चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळायची पावडर सुचवली असेल तर तिला हात लावू नका. अशा काही औषधांवर दारू प्यायली की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. जी गोष्ट डॉक्टर रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात, ती घरात चोरून देणं जिवावर बेतू शकतं. गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांपासूनही जपा. दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मोडतात, आणि असे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. नोंदणीचा कागद बघायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का तेही विचारा. हे विचारल्यावर जे केंद्र चिडतं तिथे माणूस ठेवू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. निवासी उपचार म्हणजे काय असतं, ते अशा ठिकाणी फोन करून समजून घेता येईल.

आता रात्रीचं. प्यायलेला माणूस अकरा वाजता दारात उभा राहून कार्ड मागतो तेव्हा द्यायचं नाही, आणि वादही घालायचा नाही. "कार्ड तुझंच आहे. उद्या सकाळी दहाला ये, बसून बोलू." एवढंच, दर वेळी हेच. अंगावर धावून आला, तिकडे घरात वहिनींवर हात उचलला, तर ११२ ला फोन करायला संकोच करू नका.

पण तुमच्या तोंडचं हे वाक्य खरं असायला हवं. सकाळी दहाला तो शुद्धीत येऊन म्हणाला, "साहेब, माझं कार्ड द्या," तर तुम्ही काय कराल? तुमच्या पत्रावरून दिसतं की तेव्हाही तुम्ही देणार नाही. मला वाटतं तो रात्री येतो त्याचं एक कारण हेच आहे. दिवसा, शुद्धीत, मान वर करून मागायची सोयच त्याला उरलेली नाही, मग प्यायल्यावर जो काही जोर येतो त्या जोरावर तो मागतो.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वहिनी काय म्हणतात ते त्यात आहे, भाऊ काय म्हणतो ते आहे, गाव काय म्हणतं ते आहे. तो स्वतः काय म्हणतो, ते फक्त एका ठिकाणी आहे, आणि तेही तुम्ही जाता जाता लिहिलंय: दारातली देवणी गाय विकली तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, आणि अजूनही कधीतरी म्हणतो की एक देवणी परत घ्यायचीय. त्या गायीकडे मी नंतर येते. आधी हे बघा की कार्ड तुमच्याकडे कसं आलं. विनवणी वहिनींनी केली. पैसे तुम्ही भरलेत. देणं-घेणं तुमचं आणि त्या व्याजवाल्याचं झालं. ज्याची १७ वर्षांची नोकरी त्या पेन्शनमागे आहे, त्याला कोणी विचारलं? तुमच्या आणि त्या व्याजवाल्याच्या नियतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं, आणि त्यालाही शुद्धीत असताना कळत असणार. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर कार्ड एका कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेलं, एवढंच घडलं.

"फौजी गडी आहे, शिस्तीत ठेवला की वळणावर येईल," असं तुम्ही लिहिलंय. हेही जरा तपासून बघा. पलटणीत त्याचं जेवण, कपडे, राहणं, रजा, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं होतं. पगारातले पैसे घरी जायचे ते वडिलांच्या हातात. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ज्या वयात गावातली बाकीची माणसं संसाराचा हिशोब करून तयार झालेली असतात, त्या वयात त्याच्या हातात पहिल्यांदा मोठी रक्कम आली आणि ती कशी राखायची हे कोणीच शिकवलेलं नव्हतं. तिकडच्या शिस्तीबरोबर काम होतं, हुद्दा होता, अंगावर वर्दी होती. इथे नुसती शिस्त उरली आहे. तीही अशी की नाईकाने रोज सकाळी सुभेदारासमोर हात पसरायचा आणि २०० रुपये घेऊन जायचं. त्या २०० रुपयांची दारूच होणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

मग पैसा हाताशी नसला की दारू कमी होते, हा समज साफ चुकीचा आहे का? नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक अभ्यास झाला होता, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया आणि कोकेनचं व्यसन असे दोन्ही आजार असलेल्या १०५ रुग्णांवर लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की नशा, आजाराची लक्षणं आणि रुग्णालयात भरती होणं, तिन्ही गोष्टी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर जातात, कारण अपंगत्वाचं मानधन एक तारखेला हातात पडतं. पेन्शननंतरचे आठ दिवस तुमच्या गावात जे होतं, तेच तिथेही झालं. तेव्हा पैसा कधी आणि कसा हातात येतो, याला महत्त्व आहेच. पण पुढे येल विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जी पद्धत बसवली ती बघण्यासारखी आहे. तिथे समुपदेशक रुग्णाच्या संमतीने त्याचं एटीएम कार्ड आणि चेकबुक स्वतःकडे ठेवतो, मात्र दर भेटीत दोघं बसून खर्च आखतात: कशाला किती, का, आणि तुला पुढे काय करायचंय त्यात हे बसतं का. कार्ड धरून ठेवणं हा त्यातला छोटा भाग, खरं काम त्या बसण्याचं. आणि तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, ज्याला स्वतःचे लाभ सांभाळता येत नाहीत त्याच्यासाठी विश्वस्त नेमतं, तेव्हा त्या विश्वस्तावरही खात्याची नजर असते. पैसा धरणाऱ्याकडून कोणीतरी हिशोब घेतं. तुमच्याकडून आज कोणीच घेत नाही. भावाची बडबड दुष्टपणाची असेलही, पण तिला जागा या मोकळ्या फटीतून मिळते.

आता तुमच्यापुढचे रस्ते. उद्या कार्ड त्याच्या हातात ठेवून मोकळं व्हायचं, हा एक. तुम्ही दमलाय, तुम्हाला तसं करावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि तुम्ही तसं केलंत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण दुसरी काहीच तयारी नसताना दिलंत तर ते कार्ड महिन्याभरात पुन्हा गहाण पडायची शक्यता मोठी आहे. आहे तसंच चालू ठेवायचं, हा दुसरा, आणि तो मला पहिल्यापेक्षाही धोक्याचा वाटतो, तुमच्यासाठी. दुसऱ्याचं कार्ड आणि पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. एटीएमच्या कॅमेऱ्यात दर महिन्याला तुम्ही दिसता. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, किंवा भावाने त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, तर तोंडी चांगुलपणाला कोण पुरावा मानणार?

वहिनींच्या हातात कार्ड द्यावं, असं पुष्कळ जण सुचवतील. मी इतक्या सहज सुचवणार नाही. घरात पैसा ज्याच्या हातात, रात्रीचा मार त्याच्या वाट्याला, हे अशा घरांमधलं कटू वास्तव आहे. तुमच्या दारात तो शिव्या देऊन परत जातो. स्वतःच्या घरात तो तसाच परत जाईल याची खात्री नाही.

म्हणून मी म्हणते की हे काम कोणाच्या कपाटातून काढून बँकेच्या शाखेत न्या. रात्री अकरा वाजता बँकेशी भांडता येत नाही. त्याची पेन्शन स्पर्शमधून (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. त्याच्या सहीने, तो शुद्धीत असताना, शाखेत स्थायी सूचना द्यायची की एक तारखेला अमुक रक्कम वहिनींच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात, अमुक रक्कम आवर्ती ठेवीत, अमुक मुलीच्या खात्यात वळती व्हावी. संयुक्त खातं पुरेल असं समजू नका. त्यातून तोही हवे तेव्हा पैसे काढू शकतो. मार्चची पेन्शन मात्र एप्रिल उजाडल्यावर येते, त्यामुळे एप्रिलमध्ये एक तारखेची सूचना पैशाअभावी परत जाऊ शकते. त्या महिन्यात जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी शाखेत जा. मुख्य खात्याच्या डेबिट कार्डाची रोजची मर्यादा अगदी खाली आणता येते. फोनवरचं यूपीआय मुख्य खात्यावरून काढून एका छोट्या खात्याला जोडायचं आणि त्याच्या हातखर्चाचे पैसे आठवड्यातून दोनदा त्या खात्यात पडू द्यायचे. मग रोज सकाळी तुमच्याकडे यायची गरज संपली, आणि कार्डही त्याच्याच खिशात राहिलं.

तो उद्या शाखेत जाऊन ही सूचना रद्द करू शकतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. करू शकतो. ती त्याची सही आहे म्हणूनच ही व्यवस्था टिकायची शक्यता आहे. रद्द करायला त्याला दिवसा, बँकेच्या वेळेत, शुद्धीत जाऊन साहेबासमोर अर्ज लिहावा लागेल. तलफ तेवढा वेळ थांबत नाही; बहुतेक वेळा अर्ध्या तासात तिचा जोर ओसरतो.

तुमच्या हातात मग काय राहतं? वही. एक दोनशे पानी वही घ्या. आठ महिन्यांचा हिशोब आधी लिहून काढा: किती काढले, कोणाला दिले, कार्ड सोडवताना तुम्ही भरलेले पैसे त्यातून वळते केलेत की नाही. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असंच लिहा आणि पासबुकावरच्या नोंदी बाजूला मांडा. मग त्याला सकाळी बोलवा, शक्यतो उपचार सुरू झाल्यावर, हात स्थिर असताना, आणि वही त्याच्यापुढे ठेवा. सुरुवात अशी करता येईल: "मी तुला न विचारता तुझं कार्ड ठेवलं. आता तू सांग कसं करायचं." पुढे एका कागदावर ठरवा की ही व्यवस्था तीन महिने, दर महिन्याला एकदा बसायचं, वही वहिनी बघतील, आणि तुम्ही दोघा मित्रांनी मिळून ठरवलेला आणखी एक माणूसही बघेल. तो तिसरा माणूस त्याचा भाऊच असू द्या, असं माझं मत आहे. ज्याला शंका आहे त्याच्यासमोरच वही उघडली की बोलायला काही उरत नाही, आणि वहीत खरंच कुठे चूक सापडली तर ती तुम्हालाही कळलेली बरी. कागदावर एक ओळ अवश्य हवी: तो दिवसा, शुद्धीत, दोन दिवस आधी सांगून ही व्यवस्था मोडू शकतो, आणि तेव्हा कोणी अडवणार नाही. तसं त्याने केलं तर तुम्हाला पटो न पटो, अडवू नका.

आता गाय. खर्चाची पहिली ओळ घरखर्चाची नको, त्या गायीची असू द्या. महिन्याला हजार रुपयांची आवर्ती ठेव का असेना, पासबुकावर ती त्याच्या नावाने वाढताना दिसली पाहिजे. ज्याला फक्त "हे करू नको, ते करू नको" एवढंच सांगितलं जातं त्याला पैसे राखायचं काही कारणच उरत नाही. देवणी गाय घेणं हा खुळा हट्ट नाही, आपल्या लातूर भागाची ती जात आहे, आपल्या हवेत टिकते. सकाळी सहाला उठून धार काढायला, गोठा लोटायला काहीतरी असणं हे त्याच्या दिवसाला आकार देईल. मध्येच कधी त्याने ती ठेव मोडून दारू प्यायली तर? होऊ शकतं. दारू सुटताना पाय घसरणं हे आजाराचाच भाग आहे, तेव्हा वही फेकून देऊ नका. किती गेले ते लिहा, डॉक्टरांना सांगा, पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू करा.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: कँटीनचं सामान दोघांचं मी आणतो. त्यात त्याच्या कोट्याची रम असते का? असेल तर सुभेदारसाहेब, इतका जीव लावून तुम्ही एका हाताने त्याचे पैसे अडवताय आणि दुसऱ्या हाताने बाटली पोचवताय. "हातभट्टीची पिण्यापेक्षा कँटीनची बरी" असं तुमच्या मनात असेल. ज्याचे सकाळी हात थरथरतात त्याच्यासाठी बरी दारू अशी नसतेच. आणि कँटीनचं कार्ड ज्याचं त्यानेच वापरायचं हा नियम तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता. मात्र बाटल्या आणणं या शनिवारी अचानक बंद करू नका, कारण तुटण्याचा धोका वर सांगितलाच आहे. डॉक्टरांची भेट झाली की त्यांच्या सल्ल्याने, त्याला सांगून बंद करा. त्याच्या कोट्यातल्या बाटल्या गावात कोणी विकत घेत असेल तर तो मार्गही तेव्हाच बुजवा. आणि या काळात तुमच्या स्वतःच्या घरी बाटली दिसणार नाही एवढं बघा.

त्या व्याजवाल्याचं पूर्ण मिटलंय का, हे तुमच्या पत्रात नाही. कार्ड सुटलं, पण कोरे चेक किंवा सही केलेला स्टँप त्याच्याकडे राहिला असेल तर तो पुन्हा येईल. १८७१ च्या पेन्शन कायद्यात कलम ११ प्रमाणे सावकाराच्या देण्यापोटी पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, आणि कलम १२ प्रमाणे अजून हातात न आलेली पेन्शन आधीच लिहून देण्याचा व्यवहार निरर्थक ठरतो. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात करायची. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा नंबर १५१००.

मोठ्या रकमांचं आधीच ठरवून ठेवा. दरमहाच्या पेन्शनपेक्षा एकरकमी थकबाकी अशा माणसाला जास्त बुडवते. वन रँक वन पेन्शनची फेररचना दर पाच वर्षांनी होते, मागची १ जुलै २०२४ पासूनची, म्हणजे पुढची २०२९ मध्ये. कम्युट केलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, त्याच्या बाबतीत २०३१ च्या आसपास पेन्शन एकदम वाढेल. सोयाबीन विकल्याचे पैसे आहेत, पीकविमा आहे. "एकरकमी काहीही आलं तर पहिले ३० दिवस मुदत ठेवीत, मग बसून ठरवू" अशी एक ओळ त्या कागदावर आजच लिहून घ्या. पैसा आल्यावर हे ठरत नसतं.

वहिनींसाठी थोडं. त्यांच्या नावाचं खातं नसेल तर आधी ते उघडा, गावातल्या बचत गटाच्या बायका सोबत जातील. नवरा घरखर्चाला पैसे देत नाही, तिचे हिसकावून घेतो, हाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच धरला आहे, आणि न्यायालय दरमहा रक्कम ठरवून देऊ शकतं. त्या तिकडे जातीलच असं नाही, पण हा दरवाजा आहे हे त्यांना माहीत असू द्या. महिलांसाठी १८१ वर फोन करता येतो. दारूड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, आणि त्याच्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, दोन्ही मोफत. मुलीच्या स्थळाची काळजी म्हणून हे सगळं झाकून ठेवायचं असं वहिनींना वाटतंय, असं तुम्ही लिहिता. रात्री अकराला तुमच्या दारातला आरडाओरडा सगळ्या गल्लीने ऐकलेला आहे. आता झाकून फक्त उपचार लांबतोय.

ती मुलगी बारावीत आहे आणि तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय, हे वाचून बरं वाटलं. माजी सैनिकांच्या मुलांसाठीची पंतप्रधान शिष्यवृत्ती पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना मिळते. बारावीला किमान ६० टक्के हवेत, आणि अर्ज पहिल्या वर्षाला प्रवेश झाल्यावर लगेच करायचा असतो, तो चुकला की चुकला. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६,००० होतात, आणि ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. हा पैसा घरात कोणाच्याच हातातून जात नाही, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो. तिचं आधार जोडलेलं खातं निकालाच्या आधीच उघडून ठेवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या आठवड्यातच एक फेरी मारा, जमलं तर त्याला सोबत घेऊन. तिथल्या कल्याण संघटकांना सगळं मोकळेपणाने सांगा. अशा घरांची त्यांना सवय असते, आणि तुमच्याशिवाय आणखी कोणाला तरी हे माहीत असणं तुमच्यासाठीही चांगलं. जाताना त्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, पासबुक आणि मुलीच्या दहावीचं गुणपत्रक न्या. स्पर्शवर हयातीचा दाखला यंदा भरलाय का, आणि पत्नीचं नाव व जन्मतारीख बरोबर नोंदली आहे का, हेही तिथेच बघून घ्या. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, आणि मग घरातल्या भांडणाचं खापर पुन्हा तुमच्यावर फुटेल.